ठिगळ कुठं, टाका कसा : ताडपत्री, पाल आणि तंबूच्या दुरुस्तीबद्दल वाचकांचे प्रश्न

मृग तोंडावर आला की माळ्यावरच्या ताडपत्र्या खाली येतात, आणि फाटलेलं तेव्हाच डोळ्यांत भरतं. यंदा आलेल्या पत्रांमध्ये फाटल्याचं माप बहुतेकांनी नीट कळवलं आहे, पण कापड कशाचं आहे ते फार थोड्यांनी लिहिलं आहे. दुरुस्ती मात्र त्यावरच ठरते. ‘ताडपत्री’ किंवा ‘तिरपाल’ म्हणून आपण तीन अगदी वेगळी कापडं वापरतो : सुती कॅनव्हास, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं विणलेलं एचडीपीई, आणि पॉलिस्टरवर पीव्हीसीचा थर चढवलेलं जाड कापड. सुतीला सुई-दोरा लागतो, एचडीपीईला उष्णता, पीव्हीसीला त्याचाच गोंद. एकाचा इलाज दुसऱ्यावर केला की फाटलेलं आणखी वाढतं.

ओळखायला सोपं आहे. कडेचा नखाएवढा तुकडा कापा आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. एचडीपीई वर येऊन तरंगतं. पीव्हीसी तळाशी जातं. सुती तुकडा पाणी पिऊन जड होतो आणि मग बुडतो. सुती की पॉलिस्टर अशी शंका राहिली तर उसवलेला एक धागा चिमट्यात धरून काडी लावा. सुताची कागदासारखी राख होते, बोटानं चोळली की भुरभुर उडते; पॉलिस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. पीव्हीसी मात्र जाळून पाहू नका, त्याचा धूर घशाला आणि डोळ्यांना त्रास देतो.

प्रश्न : गोसेखुर्दच्या पाण्यावर मासेमारीला जातो. रात्री काठावर राहायला सुती कॅनव्हासची पाल आहे, तीच दिवसा डोंग्यातल्या जाळ्यांवर झाकतो. मधोमध वीतभर चीर गेली होती. जाळं शिवायच्या तंगुसानं घट्ट शिवली, तर महिनाभरात टाक्यांच्या बाजूनं नवी चीर गेली. चूक कुठं झाली? (एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा)

चुका दोन झाल्या आहेत, एक दोऱ्याची आणि एक टाक्यांच्या जागेची.

तंगूस जाळ्याला उत्तम, पण सुती कापडात तो करवतीसारखं काम करतो. तो कडक आणि गुळगुळीत असतो. वाऱ्यानं पाल फडफडली की प्रत्येक टाका आपलं भोक थोडं थोडं ओढत लांबवतो, आणि दहा-बारा भोकं एका रेषेत आली की कापड तिथूनच सुटतं, टपालाचं तिकीट भोकांवरून फाडतात तसं. कॅनव्हासला सुताचं वेष्टण असलेला पॉलिस्टरचा दोरा सगळ्यात चांगला. आतलं पॉलिस्टर ताण घेतं आणि बाहेरचं सूत पावसात फुगून सुईचं भोक बुजवतं. तो नाही मिळाला तर बॅगा शिवणाऱ्यांकडचा साधा जाड पॉलिस्टर दोरा घ्या. नायलॉनचा नको, उन्हात तो पॉलिस्टरपेक्षा लवकर कुजतो. दोरा मधमाशीच्या मेणावरून किंवा मेणबत्तीवरून दोन-तीनदा ओढून घ्या, म्हणजे गुंता होत नाही आणि शिवणीतून पाणी झिरपत नाही. पोती शिवायची मोठी दाभण वापरू नका, तिचं भोक बुजत नाही. ज्या सुईच्या नेढ्यातून दोरा जेमतेम जाईल तीच सुई योग्य.

शिवण्याआधी कापडात जीव आहे का ते पाहा. चिरेपासून चार बोटं दूर दोन्ही हातांनी कापड चिमटीत धरून जोरात ओढा. ताठ राहिलं तर ठीक. चर्र आवाज येऊन धागे सुटले तर तिथलं सूत उन्हानं किंवा बुरशीनं मेलं आहे. मग ओढत ओढत बाहेर सरका आणि धड कापड कुठं लागतं तिथं खडूनं खूण करा. ठिगळाची कड त्या खुणेच्या पलीकडे गेली पाहिजे. तुमची दुसरी चीर बहुधा अशा मेलेल्या पट्ट्यातच गेली आहे. धड कापड चिरेपासून हातभर दूर लागत असेल तर ठिगळ लावत बसू नका, शिवणीपासून शिवणीपर्यंत तेवढा पन्नाच बदला.

आता प्रत्यक्ष काम. पाल धुऊन पूर्ण वाळवा. ओलं सूत आक्रसलेलं असतं, त्यावर लावलेलं ठिगळ वाळल्यावर झोळ धरतं. ठिगळाचं नवं कॅनव्हासही आधी गरम पाण्यात बुडवून वाळवून घ्या, नाही तर पहिल्याच पावसात ते आक्रसून भोवतालचं कापड ओढतं. ठिगळ पालीच्याच जाडीचं घ्या, फार जाड नको. मऊ कापडावर पुठ्ठ्यासारखं ठिगळ बसवलं की सगळी घडी त्याच्या कडेवर पडते आणि कापड तिथंच झिजतं.

चिरेचे लोंबणारे धागे कात्रीनं छाटा, पण कड कापून सरळ करू नका, त्यानं जागा वाढते. पाल सपाट जमिनीवर पसरा आणि आधी चीर नुसती जवळ आणा. सुई एका काठानं खालून वर काढा, दुसऱ्या काठात खालून वर घाला आणि मधल्या फटीतून दोरा आडवा नेत पुढं जा. एक टाका काठापासून पाऊण सेंटिमीटरवर, पुढचा सव्वा सेंटिमीटरवर, असे लहान-मोठे घ्या. सगळे एका अंतरावर घेतले की सगळी भोकं एकाच धाग्यावर येतात आणि तो धागा तुटला की पूर्ण शिवण निघते. दोन्ही काठ एकमेकांना टेकले की थांबा. उंचवटा येईल इतकं ओढू नका.

मग ठिगळ. चिरेच्या चारही बाजूंना 5 सेंटिमीटर धड कापड झाकलं गेलं पाहिजे. वीतभर, म्हणजे 22 सेंटिमीटरची चीर असेल तर तयार ठिगळ 32 बाय 10, आणि कडा सगळीकडून एक सेंटिमीटर आत दुमडायच्या म्हणून कापताना 34 बाय 12. कोपरे डब्याच्या झाकणाभोवती पेन फिरवून गोल कापा. चौकोनी कोपऱ्यावर सगळा ताण एका टोकाशी येतो आणि ठिगळ तिथूनच उचकटतं. ठिगळाचा ताणा पालीच्या ताण्याच्या दिशेनंच ठेवा. किनार दिसत असेल तर तिला समांतर तो ताणा. किनार नसेल तर तुकडा दोन्ही हातांनी ओढून पाहा : ताण्या-बाण्याच्या रेषेत तो ताठ राहतो, तिरका ओढला की लांबतो. तिरकं बसलेलं ठिगळ ताण घेत नाही, सगळा भार पुन्हा चिरेवर येतो.

ठिगळ बाहेरच्या अंगानं लावा. टाचण्या लावून चारही बाजूंनी, कडेपासून 3-4 मिलिमीटर आत, पहिली ओळ घाला. टाका साधारण अर्ध्या सेंटिमीटरचा. दुसरी ओळ चिरेभोवती, तिच्यापासून दीड सेंटिमीटरवर. शेवटी शिवणीवर मेणबत्ती घासा आणि वरून गरम पळी फिरवा, म्हणजे मेण आत मुरतं.

एवढं करूनही चीर मुळात का गेली ते शोधावंच लागेल. पालीत मधोमध चीर गेली असेल तर आतली काठी बघा. तिचं टोक टोकदार असतं किंवा वाऱ्यानं कापड त्यावर घासतं. टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा आणि कापडाला तिथं आतून दुहेरी ठिगळ लावा. डोंग्यात झाकताना कापडाखाली गळ किंवा खिळ्याचं डोकं राहतं का तेही हात फिरवून पाहा.

प्रश्न : धानाच्या पुंजण्यावर टाकायची निळी ताडपत्री वाऱ्यानं उभी फाटली. फेविक्विक लावलं, सुटलं. शिवलं, टाके फाटून निघाले. आता फेकावी का? (एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

आधी घडी घालून पाहा. एक कोपरा घट्ट दुमडून नखानं दाबा आणि उघडा. घडीवरून पापुद्रे सुटले, हाताला पांढरी भुकटी लागली तर उन्हानं प्लॅस्टिक ठिसूळ केलं आहे. त्यावर काहीही टिकत नाही. तिचा उपयोग जमिनीवर अंथरायला करा. घडी नुसती पांढुरकी झाली आणि पापुद्रा सुटला नाही, तर दुरुस्ती करण्यासारखी आहे.

या ताडपत्रीत प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या विणून दोन्ही बाजूंनी पातळ थर चिकटवलेला असतो. या प्लॅस्टिकला गोंद धरतच नाही. फेविक्विकसारख्या गोंदाच्या बाटल्यासुद्धा याच जातीच्या प्लॅस्टिकच्या असतात, कारण आतला गोंद तिला चिकटत नाही. शिवणीचं दुखणं वेगळं : सुई पट्टी तोडते, आणि तुटलेली पट्टी सुतासारखी भोक धरून ठेवत नाही, ती लांबवर उकलते.

इलाज दोन आहेत. पहिला, ताडपत्रीसाठी मिळणारी चिकटपट्टी. साबणाच्या पाण्यानं धूळ काढा, स्वच्छ पाण्यानं धुवा, सावलीत कोरडी करा आणि दोन्ही बाजूंनी पट्टी लावा. पट्टी चिरेच्या टोकांच्या पुढं चार-चार बोटं जाऊ द्या आणि टोकं गोल कापा. लावताना हवा थंड नको आणि ताडपत्री उन्हानं तापलेलीही नको. सकाळी नऊ-दहाची वेळ चांगली. लावल्यावर डब्याच्या झाकणाच्या कडेनं जोर देऊन घासा.

दुसरा इलाज इस्त्रीचा, आणि तो जास्त टिकतो. त्याच जातीच्या जुन्या ताडपत्रीचं, चिरेपेक्षा सगळीकडून 8 सेंटिमीटर मोठं ठिगळ घ्या. खाली लाकडी फळी, त्यावर ताडपत्री, वर ठिगळ आणि त्यावर बटर पेपर. वर्तमानपत्र चिकटून बसतं, ते नको. इस्त्री सुतीच्या खुणेवर अजिबात नको. हे प्लॅस्टिक 130 अंशांच्या आसपास वितळतं आणि वरचा पातळ थर त्याच्या आधीच मऊ होतो, सुतीवरची इस्त्री त्याच्या कितीतरी वर जाते. रेशमाच्या खुणेपासून सुरू करा आणि आधी टाकाऊ तुकड्यांवर अंदाज घ्या. 8-10 सेकंद दाबा, उचला, वरून थंड सपाट वीट ठेवा. पूर्ण थंड होईपर्यंत ठिगळ ओढून पाहू नका, गरम असताना ओढलं की सुटतं. कडा आक्रसून गोळा व्हायला लागल्या तर उष्णता जास्त झाली. पट्ट्या ताणून बनवलेल्या असतात, जास्त तापल्या की आक्रसतात आणि त्यांचा जोर जातो. अशी जागा पुन्हा दाबून सुधारत नाही, नवीन मोठं ठिगळ घ्यावं लागतं. काम मोकळ्या हवेत करा.

पाऊस डोक्यावर आहे, हाताशी काहीच नाही, अशा वेळी चिरेचे दोन्ही काठ एकावर एक धरून बांबूच्या कामटीभोवती तीन-चार वेढे गुंडाळा आणि कामटी दोन-तीन ठिकाणी सुतळीनं करकचून बांधा. गुंडाळलेली बाजू खालच्या अंगाला येऊ द्या, म्हणजे पाणी वरून सरळ उतरतं. रात्र निघते.

आणि पुंजणं ओलसर असेल तर ताडपत्री जमिनीपर्यंत आवळू नका. खालून हातभर फट ठेवा. आतली वाफ कोंडली तर धान तापून काळं पडतं.

प्रश्न : कापसाच्या गाडीवर बांधायच्या ताडपत्रीच्या रिंगा एकामागून एक उपटून येतात. नवीन बसवल्या तरी तेच. (एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा)

रिंग, म्हणजे आयलेट, त्याच भोकात पुन्हा बसवली तर टिकणार नाही, कारण भोवतालचं कापड आधीच ताणून सैल झालेलं असतं. नवी रिंग जुन्या जागेपासून चार बोटं बाजूला घ्या आणि कडेपासून किमान 3 सेंटिमीटर आत. तिथं आधी कापड तिहेरी करा : मूळ कापड आणि त्याच्या खाली-वर एकेक ठिगळ, आणि चौफेर शिवण. एचडीपीई असेल तर शिवण नको, तिथं दुमडून इस्त्रीनं जोडलेला दुहेरी पट्टा.

भोक रिंगेच्या नळीपेक्षा थोडं लहान पाडा. नळी जोर लावून आत गेली पाहिजे. सैल गेली तर कापड रिंगेच्या जबड्यात नीट सापडत नाही, आणि बहुतेक रिंगा याच एका कारणानं उपटतात. ठोकताना खाली लाकूड नको, लोखंडी डाय हवी. तीन-चार मध्यम ठोके. एकच जोराचा ठोका दिला की नळी तडकते आणि तिच्या धारेनं दोर कापला जातो. ठोकून झाल्यावर रिंग बोटांनी फिरवून पाहा. फिरली तर बसलीच नाही. सुती कापडावर पितळी रिंगच घ्या. लोखंडी गंजते आणि गंजाच्या डागाखालचं सूत लवकर कुजतं.

वाटेत रिंग उपटली तर लिंबाएवढा गुळगुळीत गोटा कापडाच्या आतल्या बाजूनं ठेवा, बाहेरून कापडासकट मुठीत धरा आणि त्याच्या मानेभोवती दोराचा फास आवळा. कापडाला भोक पडत नाही आणि ताण गोट्याभोवती सगळीकडं वाटला जातो. एचडीपीईवर तर कित्येकदा हीच बांधणी रिंगेपेक्षा भक्कम ठरते.

प्रश्न : माझं ताडपत्र्या आणि बॅगा शिवण्याचं दुकान आहे. मुलगा कॅनडात विनिपेगला शिकतो. तिथं गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरतात, त्यासाठी त्यानं वापरलेला तंबू घेतला. छताच्या कोपऱ्याजवळ फाटला आहे, ठिणगीची भोकं आहेत आणि खालची झालर बर्फातून ओढताना चिरली. चिकटपट्टी लावली तर लगेच सुटते म्हणतो. त्याला काय सांगू? (एक वाचक, वरोरा, जि. चंद्रपूर)

चिकटपट्टी सुटते ती थंडीमुळं. विनिपेगला जानेवारीत उणे 20 अंश नवलाचं नाही, आणि बहुतेक गोंद 10 अंशांच्या खाली पकडच घेत नाहीत. शिवाय माणसांच्या श्वासाचं दव तंबूच्या आतून गोठलेलं असतं, म्हणजे पट्टी कापडाला लागत नाही, बर्फाच्या पापुद्र्याला लागते. तंबू घरात आणून गरम खोलीत पूर्ण दिवस उघडा पसरायला सांगा. गोठलेल्या कापडाची घडी घालून आणू नये, कडक झालेला थर घडीवर तडकतो. सैल गुंडाळी करून आणावा.

कापड बहुधा 300 किंवा 600 डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टर असेल, आतून पाणी अडवणारा थर. फाटलेली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून कोरडी करावी, आणि तंबूच्या कापडासाठी मिळणारं चिकट ठिगळ आतून-बाहेरून लावावं, कोपरे गोल, 24 तास हात न लावता. कोपऱ्याजवळचं मात्र नुसत्या चिकट ठिगळावर भागणार नाही. दांड्यांचा सांधा तिथं कापडाला आतून ढकलतो, सगळ्या तंबूचा ताण त्या तळहाताएवढ्या जागेवर असतो. तिथं तुमची विद्या त्याला द्या : मूळ कापडापेक्षा जाड, 1000 डेनियरच्या आसपासच्या नायलॉनचं ठिगळ, 16 नंबरची सुई, पॉलिस्टर दोरा, दोन ओळी, आणि वरून शिवणीचा युरेथेन गोंद. तो गोंद हवेतल्या ओलाव्यानं वाळतो, कोरड्या थंडीत दिवसेंदिवस ओलाच राहतो, म्हणून घरातच लावावा.

तंबू दुहेरी असून मध्ये कापसासारखा भराव असेल तर बाहेरचं आणि आतलं कापड वेगवेगळं शिवायला सांगा. आरपार शिवलं की भराव टाक्याखाली चेपतो, ती रेषा थंड पडते आणि आतलं दव तिथंच गोठायला लागतं.

ठिणगीच्या भोकाला वितळलेली कडक कड असते. ती धारदार असते आणि ठिगळाला आतून कापते, आधी कात्रीनं छाटून टाकावी. शेगडीच्या जवळच्या भागात साधं सुती किंवा मेण लावलेलं ठिगळ अजिबात नको. तिकडं बऱ्याच तंबूंचं कापड आग लवकर न धरणारं असतं, त्यावर सीपीएआय-84 असा मानकाचा उल्लेख दिसतो. ठिगळही तसंच घ्यावं. आणि एक गोष्ट त्याला फोन करून बजावून सांगा : हवेच्या झरोक्यावर ठिगळ, पट्टी, काहीही नको, वारा कितीही येऊ दे. बंद तंबूत गॅसची शेगडी चालली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, माणसाला गुंगी येते आणि उठता येत नाही.

झालर का चिरली तेही सरळ आहे. वारा आत येऊ नये म्हणून झालरीवर बर्फ ओढतात. तो कोरडा भुसभुशीत असेल तर निघताना झटकला की सुटतो. भोकातून उपसलेल्या पाण्याचा ओला चिखलबर्फ टाकला की तो झालरीसकट तळ्याला गोठतो. मग ओढायचं नाही, लाकडी दांड्यानं भोवती ठोकून बर्फ फोडायचा. चिरलेल्या झालरीला पीव्हीसी कापडाचा वीतभर रुंद पट्टा शिवला की पुढं हे दुखणं कमी होतं. चेन गोठली तर तिला झटका देऊ नये, हातानं ऊब देऊन सोडवावी, आणि घरी कोरडी करून तिच्यावर मेण घासावं.

प्रश्न : घरच्या शिलाई मशीनवर कॅनव्हास शिवता येतं का? (एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती)

दोन पदर येतात, तीन जेमतेम. सुई 18 नंबरची, टाका साडेतीन ते चार मिलिमीटर. त्याहून बारीक टाका घालू नका, कापड भोकांनी कमजोर होतं. पायपट्टी सैल ठेवून जाड जागेवर चाक हातानं फिरवा. सुई अडली तर मोटरीचा जोर लावू नका, सुई वाकते आणि शटलवर आपटते. जाड पदरांच्या जागी शिवणीच्या रेषेत मेण किंवा साबणाची वडी घासली की सुई सहज जाते. रिंगेचे तिहेरी कोपरे मात्र चर्मकाराच्या मशीनवरच द्या.

प्रश्न : ठिगळ लावल्यावर जुनी सुती ताडपत्री गळते. आमच्याकडे जवसाचं तेल लावायचे, ते लावू का? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

जवसाचं तेल पाणी अडवतं हे खरं, पण आम्ही ते सुचवत नाही. कच्चं तेल कित्येक दिवस चिकट राहतं, धूळ धरतं, कापड जड आणि पुढं ठिसूळ होतं. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. जवसाचं तेल हवेशी मिळून सुकताना गरम होतं. तेलानं भिजलेली फडकी किंवा घडी घातलेली ताडपत्री कोपऱ्यात दाबून ठेवली तर ती आतून तापत जाते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. कोणी लावलंच असेल तर ताडपत्री पूर्ण सुकेपर्यंत दोरीवर एकपदरी पसरा, आणि फडकी पाण्यात बुडवून ठेवा.

साबण-तुरटीची जुनी रीत आजही चांगली आहे. 3 बाय 4 मीटरच्या ताडपत्रीसाठी अर्धा किलो तेलाचा कपडे धुण्याचा साबण किसून 8 लिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. डिटर्जंटची वडी चालत नाही, तिच्यानं उलट पाणी जास्त झिरपतं. ताडपत्री आधी साध्या पाण्यानं धुऊन वाळवलेली असावी. ती साबणाच्या पाण्यात बुडवून, तुडवून सगळीकडं भिजवा, निथळू द्या आणि अर्धवट वाळू द्या. मग पाव किलो तुरटी 8 लिटर गरम पाण्यात विरघळवून त्यात बुडवा. साबण आणि तुरटी धाग्याच्या आत एकत्र येऊन पाण्यात न विरघळणारा, मेणचट पांढरा साका तयार होतो. पाण्यात तो तरंगताना दिसेल, घाबरू नका. न पिळता सावलीत वाळवा. क्रम उलटा करू नका, आणि दोन्ही पाणी एकाच टबात कधीच मिसळू नका, साका टबातच बसतो आणि कापड कोरडं राहतं.

यानं बारीक झिरपणं थांबतं. शिवणीवर वरून मेण लावावंच लागतं. मेण पातळ करायचं असेल तर मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान भांडं, आणि चुलीवरून उतरवूनच काम. मेणात टर्पेंटाइन मिसळणारे असतात, ते विस्तवाजवळ मुळीच करू नका.

नव्या सुती पालीनं पहिल्या पावसात थोडं ठिबकलं तर लगेच काही लावायची घाई नको. दोनदा भिजून वाळली की धागे फुगून जवळ येतात आणि ठिबकणं बहुधा आपोआप थांबतं. आतून कापडाला बोट लावलं की मात्र तिथूनच थेंब उतरतो, लेकरांना तेवढं सांगून ठेवा.

प्रश्न : शिंगाडे तोडायला बोडीत उतरतो. छातीपर्यंतची रबरी विजार आणलेली आहे, पाणी कुठून येतं ते सापडत नाही. (एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

अंधाऱ्या खोलीत विजार उलटी टांगा आणि आत टॉर्च फिरवा. सुईएवढं भोकही चांदणीसारखं दिसतं. लगेच पेननं खूण करा. बहुतेक गळती दोन मांड्यांच्या मधल्या शिवणीत आणि गुडघ्याच्या घडीवर सापडते. काहीच दिसलं नाही तर विजारीत पाणी भरून बाहेरून ओल शोधा.

कापडावर रबर असेल तर सायकलच्या पंक्चरचंच काम : पॉलिश कागदानं घासा, भुकटी पुसा, ठिगळाला आणि विजारीला दोन्हीकडं सोल्यूशनचा पातळ थर द्या, आणि बोटाला ओढ लागेल पण सोल्यूशन बोटावर येणार नाही एवढं, म्हणजे दहाएक मिनिटं, थांबून दाबा. ओलं असताना चिकटवलं की आत बुडबुडे राहतात, ठिगळ सुटतं ते यामुळंच. विजार पीव्हीसीची असेल तर पंक्चरचं सोल्यूशन नको, पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य बाहेर येऊन त्या सोल्यूशनला चार दिवसांत चिकट मऊ करतं. तिथं मऊ पीव्हीसीचा, फुगवायच्या वस्तूंना लागतो तो गोंद घ्या. पाइप जोडायचा गोंद कडक होतो आणि गुडघा वाकला की तडकतो. ठिगळ लावून एक पूर्ण दिवस पाण्यात उतरू नका.

प्रश्न : माळ्यावर ठेवलेली ताडपत्री उंदरांनी कुरतडली, काळे डागही पडले. (एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उंदीर येतो तो घडीत राहिलेल्या दाण्यासाठी आणि माशांच्या वासासाठी. झटकून, धुऊन, कडक वाळवून ठेवलेल्या ताडपत्रीकडे तो सहसा वळत नाही. घडी न घालता गुंडाळी करून आढ्याला दोन दोरांनी टांगा, भिंतीपासून हातभर दूर. सुती कापडावरचे काळे डाग बुरशीचे आहेत. आधी कोरड्या ब्रशनं बाहेर अंगणात झाडा, नाकाला फडकं बांधून. मग पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा आणि उन्हात वाळवा. ब्लीचिंग पावडरनं डाग उडतो, पण सूतही खातं. भोकं एक सेंटिमीटरच्या आतली आणि विरळ असतील तर रफू करून वर रुपयाएवढं गोल ठिगळ. तळहाताच्या जागेत पाच-सहा भोकं असतील तर सगळ्यांना मिळून एकच मोठं ठिगळ लावा. ठिगळांच्या दोन कडा एकमेकींपासून चार बोटांहून जवळ आल्या की मधली पट्टी फाटते.